नदीपलीकडचा गटप्रमुख

सकाळी पाच वाजून एकोणसाठ मिनिटांनी लू मास्तर पलंगावर मांडी घालून बसलेले असत. चष्मा पुसून चढवलेला, फोन उशीवर ठेवलेला आणि उजव्या हाताची तर्जनी फोनच्या वर दोन बोटं अंतरावर रोखलेली. शेजारी त्यांची बायको पेइझेन भिंतीवरच्या घड्याळातले सेकंद मोजे. सहा वाजले की ती म्हणे, "दाब." मास्तर दाबत. आणि सुपरमार्केटचं ॲप अदबीनं सांगे, की आजच्या घरपोचच्या सगळ्या वेळा भरल्या आहेत, कृपया उद्या प्रयत्न करा.

असं सलग सहा दिवस झालं. ज्या माणसानं बस डेपोत एकतीस वर्षं गाड्या सोडल्या आणि एकही गाडी दोन मिनिटांपेक्षा जास्त उशिरा सोडली नाही, त्याला सहा वाजता बोट टेकवणं जमेना, ही गोष्ट मास्तरांच्या फार जिव्हारी लागली.

वरच्या मजल्यावरचे रुआन काका रोज गॅलरीतून खाली वाकून सल्ला देत. "मास्तर, तर्जनी चुकीची. अंगठा वापरा, अंगठ्यात रक्त जास्त असतं." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बोट कोरडं पडतं तुमचं, जरा ओलं करून बघा." तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन खिडकीपाशी न्यायला सांगितलं, कारण सुपरमार्केट ज्या दिशेला आहे त्या दिशेला तोंड केलेलं बरं. मास्तरांनी तेही केलं. नंतर कळलं की रुआन काकांनी स्वतः अजून एकदाही काही मागवलं नव्हतं, त्यांच्या घरात फेब्रुवारीपासूनचे नूडल्स भरून होते. उंटावरच्या शहाण्यांना लॉकडाउन नसतं.

आता हा सगळा आटापिटा स्वतःच्या पोटासाठी असता तर मास्तरांनी केव्हाच नाद सोडला असता. दोघांना सरकारी पेटी मिळाली होती. तिच्यात कोबी होता, मुळे होते, आणि पुन्हा कोबी होता. तेवढं त्यांना पुरे होतं. प्रश्न होता नदीपलीकडे राहणाऱ्या युनलानचा, त्यांच्या एकुलत्या एक मुलीचा.

युनलान बाळंत होऊन तेरा दिवस झाले होते. महिनाभर पेइझेनच तिच्यापाशी राहणार होती. ती पाच दिवस राहिलीही. सहाव्या दिवशी ती एका रात्रीपुरती घरी आली, कारण मुलीच्या घरातली भांडी तिच्या मते भांडी नव्हतीच, खेळणी होती. तिला आपलं मातीचं सूपाचं भांडं न्यायचं होतं. सकाळी भांडं बगलेत मारून ती फाटकापाशी गेली, तर फाटकाला कुलूप. त्याच दिवशी जावईबापू कारखान्यात अडकले आणि तिथेच जमिनीवर गादी टाकून राहू लागले. म्हणजे पलीकडे एक ओली बाळंतीण आणि एक बाळ, आणि मधे नदी.

युनलान व्हिडिओवर रोज म्हणायची, "मी मजेत आहे." मजेत असलेल्या माणसाचे डोळे इतके सुजलेले नसतात. एक दिवस पेइझेननं खोदून खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आई, दूध पुरत नाहीये. तो सारखा रडतो. मी कोबी आणि भात खाते. आणि परत कोबी." आणि मग तिनं फोन छताकडे वळवला, म्हणजे आपला चेहरा दिसू नये. दोघं म्हातारी बराच वेळ ते छत बघत बसली.

फोन ठेवल्यावर पेइझेन म्हणाली, "जीयू माशाचं सूप पाहिजे तिला. दुसरं काही नाही. तळ्यातला मासा, जिवंत, तळहाताएवढा. माझ्या वेळी माझ्या आईनं वीस दिवस पाजलं होतं. तेव्हा तुझी ही मुलगी सशासारखी टुमटुमीत होती."

"आणतो," लू मास्तर म्हणाले.

"कुठून आणतोस? खाली फाटकापर्यंत जाता येत नाही तुला."

"आणतो म्हणालो ना."

मास्तर हट्टाला पेटले की त्यांचा डावा कान लाल होई. तो झाला होता.

ॲपचा नाद त्यांनी त्याच दिवशी सोडला. चौकशी करता करता त्यांना कळलं, की मुलीच्या भागातलं एक सुपरमार्केट जिवंत मासे पोचवतं, पण एकट्या घराची ऑर्डर घेत नाही. एका सोसायटीतून पन्नास ऑर्डरी झाल्या पाहिजेत, आणि सगळ्यांच्या वतीनं बोलायला एक गटप्रमुख पाहिजे. तेव्हा शांघायमध्ये गल्लोगल्ली असे गटप्रमुख उगवले होते. अंड्यांचे वेगळे, दुधाचे वेगळे, पावाचे वेगळे. कालपर्यंत जिन्यात कुणी ओळख देत नव्हतं अशी माणसं सहा टन बटाटे उतरवून घेत होती.

मास्तरांनी युनलानला सांगितलं, "मला तुमच्या सोसायटीच्या फोनवरच्या गटात घाल."

"घालते. पण बाबा, तिथे दिवसाला हजार मेसेज येतात. मला तर वाचायचीही ताकद नाही."

"तू वाचू नकोस. तू झोप."

गटाचा नियम होता, की नावाच्या जागी इमारत आणि खोली लिहायची. मास्तरांनी लिहिलं, ७–५०२. यात खोटं काहीच नव्हतं, असं ते पुढे कित्येक दिवस सांगत होते. खोली मुलीची, म्हणजे आपलीच. आपण तिथे राहत नाही असंही त्यांनी कुठे लिहिलं नाही, पण ते विचारलंच नव्हतं कुणी. शिवाय त्याच सकाळी बाहेरचा कुणी चहाविक्या गटात सापडला होता आणि त्याला सगळ्यांनी मिळून हाकललं होतं. तेव्हा गप्प बसण्यात शहाणपण होतं.

दुपारी त्यांनी मेसेज टाकला. जिवंत जीयू मासे दोन, तोफूची एक वडी, आलं आणि पातीचा कांदा, असा एक संच. पन्नास घरं झाली की परवा सकाळी गाडी. ज्यांना हवं त्यांनी खाली आपली खोली लिहावी. आणि वर मोठ्या अक्षरांत: गटप्रमुख ७–५०२.

त्या दिवसांत जो सुचवी तोच प्रमुख होई, निवडणुकीची भानगड नव्हती. पहिल्या तासात एकवीस घरं झाली. मास्तरांची छाती भरून आली. मग प्रश्न सुरू झाले.

"माशांऐवजी कोला मिळेल का?"

"मासे साफ करून येणार का?"

"तोफू मऊ की घट्ट?"

"दोन्ही मासे सारख्याच मापाचे ना? मागच्या वेळी अंड्यांच्या बाबतीत आमच्यावर अन्याय झाला."

"प्रमुख, मासे नर असतील की मादी? गाभोळीवाले हवेत."

डेपोत प्रवासी विचारत त्यापेक्षा हे काही वेगळं नव्हतं. मास्तर प्रत्येकाला उत्तर देत होते. कोला नाही. साफ करून नाही. मऊ. सारख्याच. माशांना विचारून सांगतो. शेवटच्या उत्तराला तीस लोकांनी हसरे चेहरे पाठवले, आणि मास्तर त्या दिवसापुरते त्या सोसायटीचे लाडके झाले.

एवढ्यात रहिवासी समितीच्या ताओ मॅडम गटात अवतरल्या. त्यांनी कागदपत्रं मागितली. चालकाचा अठ्ठेचाळीस तासांतला तपासणी अहवाल, गाडीचा परवाना, माल उतरवणाऱ्या तीन स्वयंसेवकांची नावं. आणि मग त्यांनी लिहिलं: "बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर जंतुनाशक फवारून ती दोन तास उन्हात ठेवणे बंधनकारक आहे."

मास्तरांनी नम्रपणे विचारलं, की मासे जिवंत आहेत, त्यांच्यावर जंतुनाशक कसं फवारणार?

"नियमात जिवंत आणि मेलेलं असा भेद नाही," ताओ मॅडम म्हणाल्या.

यावर गटात चार तास चर्चा झाली. एका प्राध्यापकानं माशांच्या कल्ल्यांची आकृती टाकली. एका बाईनं विचारलं, की मग बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांवरही फवारता का. शेवटी असं ठरलं, की मासे पाण्याच्या पिशवीत येतात, तेव्हा वस्तू म्हणजे पिशवी, मासा नव्हे. पिशवीवर फवारायचं आणि सावलीत दहा मिनिटं ठेवायची. ताओ मॅडमनी हे वरिष्ठांना विचारून मान्य केलं. मास्तरांना वाटलं, आता फक्त सूप व्हायचं राहिलं.

पण घोडं अडलं एकोणपन्नासावर. एक ऑर्डर कमी. संध्याकाळ झाली तरी पन्नासावं घर मिळेना. सुपरमार्केटची मुलगी फोनवर म्हणाली, "आजोबा, एकोणपन्नास म्हणजे शून्य." मास्तरांनी एकेका घराला वेगळा मेसेज केला. कुणाला माशाचा वास चालत नव्हता, कुणाच्या घशात लहानपणी काटा अडकला होता. ९–१०१ मधली बाई म्हणाली, "मी शाकाहारी आहे."

"घरात दुसरं कुणी?"

"मांजर आहे."

"मांजर काय खातं?"

"हल्ली कोबीच."

"मग त्याच्यासाठी घ्या. बिचाऱ्या मुक्या जिवाचे काय हाल." मास्तर इतक्या कळकळीनं बोलले, की बाई विरघळली. पन्नासावी ऑर्डर मांजराच्या नावानं पडली आणि मास्तरांनी पलंगावर अंग टाकलं. पेइझेननं न मागता चहा आणून दिला. छत्तीस वर्षांत असं फारतर चारदा घडलं असेल.

गाडीच्या दिवशी मात्र उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मास्तरांना कळलं. सकाळी साडेनऊला चालकाचा फोन आला. "कुठल्या फाटकानं येऊ?"

मास्तरांना मुलीच्या सोसायटीचं एकच फाटक माहीत होतं. "पूर्वेच्या."

चालक दहा मिनिटांनी म्हणाला, "पूर्वेचं फाटक पत्रे ठोकून बंद आहे." मास्तरांनी गटात विचारलं, की पूर्वेचं फाटक कधीपासून बंद आहे? मग कुणीतरी लिहिलं, "आठवडा झाला. प्रमुख, तुम्ही खिडकीबाहेर बघत नाही का?"

"बाळ आहे घरात," मास्तरांनी लिहिलं. हेही खोटं नव्हतं.

गाडी दक्षिणेच्या फाटकाला लागली. स्वयंसेवकांनी विचारलं, पिशव्या कुठे मांडायच्या? मास्तर म्हणाले, "कारंज्यापाशी, सावली असते तिथे."

"कारंजं गेल्या वर्षी बुजवलं."

"म्हणजे जिथे होतं तिथे."

"तिथे आता सायकली लावतात. प्रमुख, तुम्ही खालीच या ना. सगळे वाट बघताहेत."

"आलोच," मास्तरांनी लिहिलं. मग लिहिलं, "बूट घालतोय." मग, "लिफ्ट वर अडकली आहे." सात नंबरच्या सगळ्यांनी एकदम कळवलं, की लिफ्ट मोकळी आहे. पेइझेन मागे उभी राहून हे वाचत होती. ती म्हणाली, "लू, आता पाय मोडला म्हणून सांग. तेवढंच राहिलंय."

एवढ्यावर निभावलं असतं, पण ताओ मॅडम कागद घेऊन उभ्या होत्या. गटप्रमुखाची सही झाल्याशिवाय माल उतरवता येणार नव्हता. त्यांनी पाच मिनिटं वाट पाहिली आणि त्या पाचव्या मजल्यावर गेल्या. त्यांनी घंटा वाजवली. युनलाननं दार उघडलं. डोक्याला टोपी, पायात जाड मोजे, खांद्याशी किंचाळणारं बाळ.

"गटप्रमुख कुठे आहेत?"

"कोण गटप्रमुख?"

"७–५०२. माशांचे."

मग युनलानला उलगडा झाला. "ते माझे बाबा. ते इथे नसतात. नदीपलीकडे असतात."

ताओ मॅडमनी कर्तव्य म्हणून ते जसंच्या तसं गटात लिहिलं. पुढच्या मिनिटाला जे झालं त्याला दंगल म्हणतात. "फसवणूक!" "हा कोण माणूस?" "आमची यादी याच्याकडे आहे!" "म्हणूनच कारंजं!" तिकडे शंभर मासे पिशव्यांत तोंडं उघडमीट करत होते.

मास्तरांचे दोन्ही कान लाल झाले. लिहिणं आपलं काम नव्हेच, असं त्यांना वाटलं. डेपोत गर्दी खवळली की ते भोंगा हातात घेऊन सरळ बोलत. त्यांनी आवाज पाठवायचं बटण दाबून धरलं आणि आपल्या साध्या घरगुती बोलीत बोलायला सुरुवात केली.

"मंडळी, मी लू. पाचशे दोनमध्ये माझी मुलगी राहते. बाळंत होऊन पंधरा दिवस झाले. तिचा नवरा कारखान्यात अडकलाय, तिची आई आणि मी इकडे अडकलोय. तिला दूध येत नाही. तिच्यासाठी दोन मासे पाहिजे होते. दोन कुणी देत नव्हतं, म्हणून शंभर मागवले. मी तुमच्याशी खोटं वागलो. मला काय बोलायचं ते बोला, पण आधी मासे उतरवून घ्या. ते मरतील."

मग ७–४०२ मधून, म्हणजे युनलानच्या बरोबर खालच्या घरातून, फांग आजींचा आवाज आला. "मी या माणसाच्या बाजूनं साक्ष देते. ते बाळ किती रडतं ते रोज माझ्या डोक्यावर ऐकते मी. आमच्या सोसायटीतल्या एकाही शहाण्याला मासे मागवायचं सुचलं नाही. मग पलीकडचा प्रमुख काय वाईट?"

ताओ मॅडमनी हातातला कागद पुन्हा वाचला. मग त्या म्हणाल्या, "इथे लिहिलंय, गटप्रमुख ७–५०२. माणसाचं नाव नाही, खोली आहे. खोलीतल्या कुणीही सही केली तरी नियमात बसतं." आणि बाळाला एका हातानं सावरत युनलाननं सही केली.

अर्ध्या तासात मासे घरोघर गेले. मास्तर यादीवर खुणा करत होते. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास. पेइझेननं आनंदानं रुआन काकांच्या नावानं वर ओरडून बातमीही दिली. तेवढ्यात युनलानचा फोन आला.

"बाबा, सगळ्यांचं वाटून झालं म्हणे. स्वयंसेवक गेले. माझे मासे?"

मास्तरांनी यादी वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. ७–५०२ एकदाच होतं, सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत. गटप्रमुख म्हणून. ऑर्डर म्हणून कुठेच नव्हतं. एक कमी पडत होती तेव्हा ती आपलीच होती, हे त्यांना आत्ता उमगलं.

"काय झालं?" पेइझेननं विचारलं. त्यांनी यादी तिच्यापुढे धरली.

ती हळू आवाजात म्हणाली, "मांजराला मिळाले."

ती रागावली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. पण ती नुसती पलंगाच्या कडेला बसली आणि पदर नसलेल्या झग्याच्या बाहीनं डोळे पुसायला लागली. फोनवर युनलान म्हणत होती, "असू दे बाबा. खरंच असू दे. मी आहे मजेत."

मास्तरांनी जन्मात कुणापुढे हात पसरला नव्हता. नोकरीत बढती राहिली तेव्हा नाही, घर लहान पडलं तेव्हा नाही. त्यांनी फोन हातात घेतला, मेसेज लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला, आणि डोळे मिटून पाठवला. "शेजाऱ्यांनो, गटप्रमुखाची चूक झाली. पन्नास घरं मोजताना मी आपलं घर मोजायला विसरलो. पाचशे दोनमध्ये मासा नाही. कुणाकडे एखादा जास्त असेल तर द्याल का?"

चार मिनिटं काहीच नाही. मास्तर घड्याळाकडे बघत होते, म्हणून चारच होती हे नक्की.

मग ९–१०१: "मांजराला दोन जड होतात. एक पाठवते."

३–२०१: "आमचा एक तोफूबरोबर ठेवलाय दारात."

७–४०२: "माझ्या दाताला नाहीतरी काटे चालत नाहीत."

त्यानंतर मेसेज इतके भराभर येऊ लागले की वाचता येईनात. गाभोळीवाल्या बाईनं गाभोळीवाला पाठवला. अंड्यांच्या अन्यायवाल्या गृहस्थानं माशाबरोबर दोन अंडीही पाठवली आणि दोन्ही सारख्याच मापाची आहेत असं मुद्दाम कळवलं. वीस मिनिटांनी युनलाननं व्हिडिओ लावला. न्हाणीघरातल्या टबात पाणी होतं आणि त्यात सतरा मासे फिरत होते. ती हसत होती आणि रडतही होती. मग एकदम म्हणाली, "बाबा, पण मला मासा साफ करता येत नाही."

खरंच येत नव्हता. तीस वर्षं मास्तरांनी तिला माशाला हात लावू दिला नव्हता. लाडाचं फळ, दुसरं काय.

"फोन नळाला टेकवून ठेव," मास्तर म्हणाले. "बाळ झोपलंय? बरं. आता एक लहानसा पकड."

"गार पाण्यात हात घालू नकोस," पेइझेन मधेच म्हणाली. "बाळंतीण आहेस तू. हातमोजे घाल. आधी पाणी कोमट कर."

"कोमट पाण्यात मासा मरेल, पेइझेन."

"मरायचाच आहे ना तो शेवटी?"

पहिला मासा युनलानच्या हातून तीनदा निसटला आणि एकदा फोनवर आपटला. चौथ्या वेळी तिनं दात ओठ खाऊन डोळे मिटले आणि बापानं सांगितलं तसा सुरीचा मागचा भाग डोक्यावर मारला. खवले काढले, पोट चिरलं, पित्ताची पिशवी न फोडता काढली. मास्तर एकेक गोष्ट सांगत होते आणि सांगताना त्यांचा हात आपोआप हवेत सुरी चालवत होता. तेलात दोन्ही बाजूंनी परतायचा, शेपटी हलवायची नाही, आणि मग उकळतं पाणी. गार ओतलंस तर रस्सा पांढरा होणार नाही. मोठी आच. झाकण.

वीस मिनिटं तिघंही झाकणाकडे बघत बसली.

"उघड आता," पेइझेन म्हणाली.

युनलाननं झाकण उचललं. भपकन् वाफ आली आणि फोनच्या काचेवर बसली. सगळं पांढरं झालं. सूप नाही, मुलगी नाही, काही दिसेना. मास्तर बाहीनं आपलाच फोन पुसू लागले. पेइझेननं तो त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि कानाला लावला.

"मीठ नाही ना घातलंस? बाळंतिणीला मीठ नको. युनलान? ऐकू येतंय का?"

पलीकडून उत्तर आलं नाही. नुसता सूप भुरकल्याचा आवाज आला. मग पुन्हा आला. मग कितीतरी वेळ येतच राहिला. पेइझेननं फोन दोघांच्या कानांच्या मधे धरला आणि मास्तरांना म्हणाली, "गप्प बस. पितेय ती."